आधी दुखणं ओळखा, मग एसी बदला

मे महिन्यातली रात्र, मलकापुरातलं वरच्या मजल्यावरचं घर. साडेदहा वाजले तरी भिंतीला हात लावला की ऊब लागते. एसी चालू आहे, पंख्याचा आवाज येतोय, पण हवा मात्र कोमट. सकाळी मेकॅनिक येतो, गच्चीवर जाऊन आउटडोअरपाशी दोन मिनिटं उभा राहतो आणि खाली येऊन निकाल देतो, ‘‘भाऊ, कंप्रेसर गेला याचा. सोळा-सतरा हजार लागतीन. त्याच्यापेक्षा नवाच घ्या ना.’’

हा प्रसंग आमच्याच नात्यातल्या घरातला. एसी आठ वर्षांचा होता. नवा घ्यायचं जवळपास ठरलंच होतं. पण लग्नसराई आणि उन्हाळा एकत्र आल्यामुळे दुकानाकडे एसी बसवणारा माणूस चार दिवस मोकळा नव्हता. तेवढ्या वेळात दुसऱ्या एका मिस्त्रीला दाखवलं. त्यानं आउटडोअरचं झाकण उघडलं, आतला डबीएवढा कपॅसिटर काढून तळहातावर ठेवला. त्याचा वरचा पत्रा पुरीसारखा फुगला होता. कपॅसिटर आणि मजुरी मिळून सातशे रुपयांच्या आत काम झालं. तो एसी त्यानंतर तीन उन्हाळे चालला.

पहिला मेकॅनिक खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. कंप्रेसर सुरू होत नव्हता, हे खरंच होतं. तो का सुरू होत नाही, हे मात्र त्यानं पाहिलं नव्हतं. ‘दुरुस्त करू की नवा घेऊ’ या प्रश्नात बहुतेकांचे पैसे इथेच जातात. एसीचं वय विचारलं जातं, नव्याची किंमत विचारली जाते, पण बिघाडाचं नाव आणि त्याचं कारण विचारायचं राहून जातं.

घाटावरचा एसी, घाटाखालचा एसी

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नाचं एकच उत्तर देता येत नाही. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव ही पूर्णेच्या खोऱ्याकडची गावं तीनशे मीटरच्या आसपास किंवा त्याहून खाली. मोताळ्याकडून घाट चढून वर आलं की मे महिन्यातही रात्री वारा बदललेला जाणवतो. बुलढाण्यात अनेक घरांत एसी उन्हाळ्यातल्या महिना-दीड महिन्यापुरता लागतो, तोही रात्री चार-पाच तास. घाटाखाली तोच एसी सगळा उन्हाळा रोज रात्रभर चालतो, आणि पाऊस लांबला तर पुढेही.

म्हणजे मलकापुरातला सात वर्षांचा एसी आणि बुलढाण्यातला सात वर्षांचा एसी कागदावर एकाच वयाचे, पण पहिला दुसऱ्याच्या चार-पाच पट राबलेला असतो. ट्रॅक्टर किती वर्षांचा, हे विचारून शेतकरी थांबत नाही. तो किती तास चालला ते पाहतो. एसीचंही तसंच पाहायला हवं.

मेकॅनिकला फोन करण्याआधी

यातल्या काही गोष्टी ऐकायला क्षुल्लक वाटतील, पण मेकॅनिकच्या कितीतरी फेऱ्या यांच्यापायीच होतात. रिमोटवर ‘कूल’ मोड आहे की चुकून ‘फॅन’ किंवा ‘ड्राय’ लागलाय ते बघा. मुलांच्या हाताने टायमर लागलेला नाही ना? इनडोअरची जाळी काढून उजेडासमोर धरा. पलीकडचं दिसत नसेल तर आधी ती साध्या पाण्यानं धुवा. लाइट जाऊन आली असेल तर थोडं थांबा. कंप्रेसर पुन्हा सुरू व्हायला तीनेक मिनिटांचा अवधी मुद्दाम ठेवलेला असतो.

मग स्टॅबिलायझरकडे पाहा. संध्याकाळी सात ते दहा या वेळात गावातले सगळे कूलर आणि एसी एकदम चालू होतात, आणि व्होल्टेज पडतं. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेखाली गेलं की स्टॅबिलायझर पुरवठा तोडतो. ‘एसी संध्याकाळी बंद पडतो, पहाटे आपोआप चालतो’ अशी तक्रार असेल तर दोष बहुधा एसीचा नसतो.

एक साधी चाचणी घरच्या घरी होते. एसी वीस मिनिटं चालू द्या. एक तापमापक एसीच्या वर, जिथून हवा आत ओढली जाते तिथे धरा. नंतर तोच खाली, जिथून झोत येतो तिथे धरा. दोन आकड्यांत आठ ते बारा अंशांचा फरक असेल तर मशीन आपलं काम करतंय. तरीही खोली थंड होत नसेल, तर दुखणं तापलेल्या स्लॅबमध्ये, उघड्या फटींमध्ये किंवा खोलीच्या आकारात आहे. हेही लक्षात असू द्या की एसीची क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. बाहेर ४५ अंश असताना दीड टनाचा एसी पूर्ण दीड टनाचं काम करत नाही. भर दुपारी तो थकला म्हणून त्याला बाद ठरवू नका. रात्री काय करतो ते पाहा.

गॅस म्हणजे मोट

‘गॅस संपला’ हे वाक्य आपल्याकडे इतकं सर्रास ऐकू येतं की दर दोन वर्षांनी एसीत गॅस भरावाच लागतो, असा समज झालाय. गॅस हे काही इंधन नाही. विहिरीवरची मोट आठवा. मोट खाली जाते, पाणी घेते, वर येऊन ओतते आणि रिकामी होऊन पुन्हा खाली जाते. पाणी उपसलं जातं. मोट तीच राहते. एसीतला गॅस खोलीतली उष्णता उचलतो, बाहेरच्या कॉइलपाशी नेऊन टाकतो आणि परत येतो. तो कमी झाला याचा अर्थ मोटेला कुठेतरी भोक पडलंय.

ते भोक न शोधता गॅस भरून घेणं म्हणजे फुटक्या मोटेनं पाणी उपसणं. दोन-तीन महिन्यांत पैसे पुन्हा जाणार. चांगला मिस्त्री आधी पाइपांत नायट्रोजन दाबाने भरतो, सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडा कुठे येतो ते पाहतो, ती जागा जोडतो, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढतो आणि मग वजनकाट्यावर मोजून गॅस भरतो. किती ग्रॅम भरायचा हे आउटडोअरच्या पट्टीवर छापलेलं असतं. यातला नायट्रोजन फार महत्त्वाचा. त्याऐवजी कोणी ऑक्सिजनचा सिलिंडर लावू लागला तर काम ताबडतोब थांबवा. कंप्रेसरमधलं तेल आणि दाबातला ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होऊ शकतो.

कोणत्या बिघाडाला काय करावं

खालचे खर्च ढोबळ आहेत. गाव, कंपनी आणि हंगामानुसार ते बदलतील. अंदाज बांधायला मात्र पुरतील.

धूळ आणि तुंबलेली कॉइल. आपल्या भागात हा बिघाड सगळ्यात आधी तपासावा. ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीचा भुसा उडतो, दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या आणि जिनिंगची रुई. खामगाव, मलकापूरसारख्या गावांत जिनिंगच्या आसपास घर असेल तर आउटडोअरच्या मागची जाळी पाहा. कापसाची पातळ गादी बसलेली दिसेल. मग उष्णता बाहेर पडत नाही, आतला दाब वाढतो आणि कंप्रेसर तापून बंद पडतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, मोठा बिघाड आहे. आउटडोअर-इनडोअर धुवायला पाच-सातशे ते हजार रुपये लागतात. एसी कितीही जुना असो, आधी हे करून पाहावं. खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे संग्रामपूर-शेगावकडच्या वाचकांनी एक काळजी घ्यावी. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं कॉइल वारंवार धुऊ नका. कूलरच्या ताट्यांवर जो पांढरा थर चढतो, तोच ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांवर चढतो आणि त्यांना खातो. शेवटचा हात तरी गोड पाण्याचा मारा.

कपॅसिटर. जुन्या, बिगर-इन्व्हर्टर एसीत आउटडोअरचा पंखा फिरतो, कंप्रेसर ‘हूं’ असा घुमतो आणि काही सेकंदांत गप्प बसतो. बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. उन्हात तापून आणि व्होल्टेजच्या चढउतारानं तो लवकर म्हातारा होतो. खर्च सातशे-हजाराच्या आत. नवा एसी घेण्याचा प्रश्नच नाही. फक्त झाकण स्वतः उघडू नका. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ झटका देण्याइतका भार शिल्लक राहतो.

पंख्याची मोटर, सेन्सर, तुंबलेला ड्रेन पाइप. खर्च काही शे ते तीन-चार हजार. एसी दहा वर्षांच्या आतला असेल तर डोळे मिटून दुरुस्त करा.

गॅसगळती. गळती जर पाइपाच्या जोडावर असेल, तर जोडणी आणि गॅस मिळून तीन-चार हजारांत काम होतं, आणि ते करावंच. डोंगरकडेच्या गावांत वानरांनी गच्चीवरचा पाइप ओढून वाकवल्याची उदाहरणं आहेत. त्यात मशीनचा काय दोष? गळती कॉइलच्या आत, अनेक ठिकाणी असेल तर मात्र गोष्ट वेगळी. कॉइल बदलणं महाग पडतं आणि ठिगळं लावलेली कॉइल टिकत नाही. सात-आठ वर्षांपुढच्या एसीला इथे निरोप द्यायला हरकत नाही.

पीसीबी, म्हणजे कंट्रोल बोर्ड. इन्व्हर्टर एसीचा हा सर्वांत नाजूक अवयव. वादळात तारा एकमेकींवर आदळल्या, खांबावरचा न्यूट्रल तुटला की घरात भलतंच व्होल्टेज येतं आणि बोर्ड जळतो. कधी एखादी पाल उबेला आत शिरते आणि दोन टोकांमध्ये चिकटून स्वतःबरोबर बोर्डही संपवते. नवा बोर्ड पाच ते बारा-पंधरा हजारांपर्यंत जातो. आधी वॉरंटी पाहा. अनेक कंपन्या बोर्डावर पाच वर्षांपर्यंत वॉरंटी देतात. नसेल तर बोर्ड दुरुस्त करणारे कारागीर अकोला, जळगाव, छत्रपती संभाजीनगर अशा मोठ्या गावांत मिळतात आणि अर्ध्याहून कमी खर्चात काम होऊ शकतं. दुरुस्त केलेल्या बोर्डाला किमान तीन महिन्यांची हमी मागा.

कंप्रेसर. हा खरोखर गेला असेल तर दहा ते अठरा हजारांचा खर्च. पुष्कळ कंपन्या कंप्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी देतात, पण ती बहुधा फक्त त्या वस्तूची असते. गॅस, मजुरी, ने-आण यांचे पैसे वेगळे. म्हणून ‘वॉरंटीत आहे’ ऐकून निर्धास्त होऊ नका, एकूण किती द्यावे लागतील ते विचारा. वॉरंटी संपलेली असेल, तर पुढचा हिशेब करायचा.

गॅसची जात पाहा

आउटडोअरच्या पट्टीवर गॅसचं नाव असतं. तिथे ‘आर-२२’ लिहिलं असेल, तर तुमचा एसी जुन्या पिढीतला आहे. हा गॅस ओझोनच्या थराला मारक ठरतो. मॉन्ट्रियल कराराप्रमाणे भारत तो टप्प्याटप्प्याने बंद करत आहे. १ जानेवारी २०२५ पासून नव्या यंत्रांच्या निर्मितीत तो वापरता येत नाही आणि २०३० पर्यंत तो जवळपास संपवायचा आहे. म्हणजे दुरुस्तीसाठीही तो दिवसेंदिवस दुर्मीळ आणि महाग होणार. अशा एसीचा कपॅसिटर किंवा पंखा गेला तर जरूर बदला. पण गॅस गळाला किंवा कंप्रेसर गेला, तर त्यात आणखी पैसा ओतू नका.

‘आर-२२ नाही मिळत, आर-३२ भरून देतो’ असं कोणी म्हणालं तर स्पष्ट नकार द्या. नव्या गॅसचा दाब जवळपास दीडपट असतो. जुन्या मशीनची हाडं तो पेलण्यासाठी बनवलेली नाहीत. शिवाय आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, आणि काही एसींमध्ये असतो तो आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन, सहज पेटणारा. या दोन्हींचं काम त्याचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं.

वहीवर मांडायचा हिशेब

मोठ्या खर्चाचा बिघाड असेल तेव्हा तीन आकडे लिहून काढा. दुरुस्तीचा एकूण खर्च, नव्याचा एकूण खर्च आणि वर्षाला एसी किती तास चालतो.

जुना एसी किती वीज खातो हे मीटरच सांगतो. एका रात्री एसी लावून दहा ते सहाचं रीडिंग घ्या, दुसऱ्या रात्री फक्त पंख्यावर. फरकाला आठाने भागा. हे दुरुस्तीआधी जमणार नाही, म्हणून एसी ठणठणीत असतानाच एकदा करून ठेवा. नव्याची वीज लेबलवरून काढा. तिथे लिहिलेले वार्षिक युनिट हे वर्षाला १,६०० तासांचा वापर धरून काढलेले असतात. त्यांना १,६०० नं भागलं की तासाचा सरासरी वापर मिळतो. उन्हाळा कडक म्हणून त्यात थोडी भर घाला.

आता उदाहरण. दीड टनाचा जुना एसी तासाला १.३ युनिट खातो आणि नवा ०.६५, असं धरू. युनिटचा दर १२ रुपये धरू. (तुमचा खरा दर बिलावर पाहा. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात, आणि एसीचे युनिट नेहमी तुमच्या सगळ्यात वरच्या, म्हणजे महागड्या टप्प्यात पडतात.) नवा एसी बसवण्यासकट ४० हजारांना, जुन्याचे ४ हजार परत, म्हणजे हातचे ३६ हजार. कंप्रेसर बदलायचे १६ हजार. दोहोंतला फरक २० हजार.

मलकापूरचं घर: १२० रात्री, रोज ९ तास, एकूण १,०८० तास. बचत सुमारे ७०० युनिट, म्हणजे वर्षाला ८,४०० रुपये. २० हजारांचा फरक अडीच वर्षांच्या आत भरून निघतो. नवा घ्या.

बुलढाण्याचं घर: ४० रात्री, रोज ५ तास, एकूण २०० तास. बचत १३० युनिट, वर्षाला १,५६० रुपये. तोच फरक भरून निघायला जवळपास तेरा वर्षं लागतील. कंप्रेसर बदला आणि एसी वापरत राहा.

मशीन तेच, बिघाड तोच. फक्त घाट मध्ये आला आणि उत्तर उलटं झालं. ‘दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त झाला की नवा घ्यावा’ हा ठोकताळा सगळेच सांगतात. तो वाईट नाही, पण त्यात तासांना जागा नाही. माझ्या मते तो घाटाखाली थोडा आधी लावावा आणि घाटावर थोडा उशिरा.

घाईला कूलरचा उतारा

अक्षय्यतृतीयेच्या सुमारास, भेंडवळच्या घटमांडणीत यंदाच्या पावसाचं भाकीत ऐकायला लोक गोळा होतात, त्याच दिवसांत एसी बंद पडण्याच्या तक्रारी शिगेला पोचलेल्या असतात. मेकॅनिक मिळत नाही, मिळाला तर घाईत असतो, दुकानात किमती ताठ असतात आणि घरात म्हातारी माणसं व लहान मुलं घामाघूम झालेली असतात. अशा वेळी घेतलेला निर्णय महाग पडणारच.

विदर्भाकडे यावर घरचा उपाय आहे. कूलर. एप्रिल-मे महिन्यांत आपली हवा इतकी कोरडी असते की चांगल्या ताट्यांचा कूलर बाहेरच्या हवेपेक्षा बारा-पंधरा अंशांनी थंड झोत देतो. खिडकीत कूलर लावा, समोरचं दार किंवा खिडकी उघडी ठेवा आणि निर्णयाला दहा दिवस द्या. हा उपाय पावसाळ्यात चालत नाही. हवा दमट झाली की कूलर नुसती चिकचिक वाढवतो. पाण्याचाही विचार हवा. नळाला आठवड्या-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात कूलरच्या टाकीत बादल्या ओतताना जीव खालीवर होतो. पण दहा दिवसांपुरतं हे जमतं. कूलरचं अर्थिंग तपासा आणि टाकीत पाणी भरताना प्लग काढा. दर उन्हाळ्यात कूलरच्या झटक्यानं माणसं दगावतात. आणि एकाच बंद खोलीत एसी आणि कूलर एकत्र चालवू नका. एक हवा कोरडी करायला झटतो, दुसरा ओली करायला, आणि बिल तुम्ही भरता.

मेकॅनिकला विचारायचं ते

अविश्वास न दाखवता हे प्रश्न विचारता येतात. खरं काम जाणणारा माणूस त्यांनी चिडत नाही, उलट खुलून सांगतो.

१. नेमका कोणता भाग गेला? मीटर लावून दाखवाल का?
२. कंप्रेसर गेला म्हणता, तर कपॅसिटर बदलून पाहिला का? वाइंडिंग तुटलंय की बॉडीला शॉर्ट आहे?
३. गॅस कमी असेल तर गळती कुठे आहे?
४. गॅस वजनावर भरणार का? व्हॅक्यूम करणार का?
५. जुना भाग मला परत मिळेल ना?
६. कामाची हमी किती दिवसांची? बिलावर लिहून द्याल का?

दहा हजारांवरच्या कोणत्याही खर्चाला दुसरं मत घ्या. डॉक्टरच्या बाबतीत घेतो, तसंच. वॉरंटीतलं काम कोणी टाळत असेल तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पुढचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. दोन्हीकडे लागतं ते बिल. म्हणून बिलाचा फोटो आजच मोबाइलमध्ये काढून ठेवा. दुकानाच्या पावतीवरची शाई दोन उन्हाळ्यांत उडून जाते.

नवा घ्यायचं ठरलं तर

लेबलवरचे तारे मोजताना वर्षही वाचा. ताऱ्यांचे निकष २०१८ मध्ये बदलले आणि जुलै २०२२ मध्ये आणखी कडक झाले. त्या वेळी कालचा पाच तारे असलेला एसी एका रात्रीत चार ताऱ्यांवर आला. म्हणून २०१६ सालच्या ‘फाइव्ह स्टार’शी आजच्याची तुलना करू नका. घाटाखाली वर्षाला हजार तास वापर असेल तर पाच तारे परवडतात. घाटावर तीन तारे पुरेत, उरलेले पैसे गच्चीला चुन्याचा पांढरा हात देण्यात घाला. बाहेरचं तापमान ५० अंशांपुढे गेलं तरी चालेल असं कंपनी लेखी सांगते का, हे घाटाखालच्यांनी विचारावं.

जाहिरातीपेक्षा सर्व्हिसचा माणूस जवळ कुठे आहे ते पाहा. ज्या कंपनीचा मेकॅनिक तुमच्या तालुक्यात नाही आणि अकोल्याहून यायला आठवडा लावतो, तिचा दोन हजारांनी स्वस्त एसी पहिल्याच बिघाडात महाग होतो. सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. भाव करताना ते ध्यानात ठेवा. जमलं तर खरेदी थंडीत करा. जुना एसी भंगारवाल्याला देण्याआधी कॉइल तांब्याची आहे का ते पाहा. तांब्याला चांगला भाव येतो. पण गॅस हवेत सोडून पाइप कापणाऱ्याला तो देऊ नका. नव्याच्या बदल्यात परत देणं किंवा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला देणं, हा बरा मार्ग.

घर मात्र तेच असतं

शेवटी पुन्हा कारणाकडे येऊ. आमच्या त्या नातेवाइकांकडे कपॅसिटर बदलून निघताना मिस्त्री गच्चीवर थांबला. आउटडोअर पश्चिमेकडे तोंड करून, थेट तापलेल्या स्लॅबवर ठेवलेलं होतं. दुपारी बारापासून सूर्य मावळेपर्यंत उन्हात. तो म्हणाला, ‘‘याले सावली करा आधी. नाहीतर नवा कपॅसिटर बी असाच फुगीन.’’ मग चार विटांवर स्टँड आलं आणि वर हिरवी शेडनेट लागली, हवा अडणार नाही इतकी उंचावर. अर्थिंगचा खड्डा पाहिला, तर काळ्या मातीला हात जाईल अशा भेगा पडलेल्या. उन्हाळ्यात आपली जमीन अशी फाटते आणि अर्थिंगची पट्टी मातीपासून सुटते. त्या खड्ड्यात दर चार दिवसांनी दोन बादल्या पाणी टाकायचं काम घरातल्या आजोबांनी स्वतःकडे घेतलं.

तीन उन्हाळ्यांनंतर तो एसी कॉइलच्या गळतीनं खरोखरच संपला आणि नवा आला. नव्याचं आउटडोअर त्याच स्टँडवर, त्याच सावलीत बसलं. आजोबांच्या दोन बादल्या अजून चालू आहेत.